सोळावी फळी: लिंडबर्ग बाळाचं अपहरण आणि न मिटलेला निकाल

1932 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मूल पळवणाऱ्याला देहदंड नव्हता. अपहरणात मूल दगावलं तर तो आपोआप पहिल्या दर्जाचा खून ठरेल, अशी सोयही तिथल्या कायद्यात नव्हती. घरफोडी, दरोडा, जाळपोळ, बलात्कार अशा मोजक्या गुन्ह्यांच्या ओघात कुणी मेलं, तरच ती तरतूद लागू व्हायची. आता घरफोडी म्हणायची तर चोरीचा हेतू दाखवावा लागतो, आणि जुन्या इंग्रजी परंपरेतल्या कायद्यात मूल ही मालमत्ता नाही, म्हणजे मुलाची 'चोरी' होत नाही. मग प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचं बाळ पळवल्याच्या खटल्यात सरकारी पक्षाने बोट ठेवलं ते मुलाच्या अंगावरच्या झोपायच्या कपड्यांवर. कपडे चोरण्यासाठी घर फोडलं, घर फोडताना मूल मेलं, म्हणून पहिल्या दर्जाचा खून, आणि म्हणून विजेची खुर्ची.

ज्या खटल्याला तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी शतकाचा खटला म्हटलं, त्याचा कायदेशीर पाया हा असा होता. ब्रुनो रिचर्ड हाउप्टमान या जर्मन सुताराला 3 एप्रिल 1936 रोजी ट्रेंटनच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं. त्याने शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. तो निर्दोष होता, तो एकटाच दोषी होता, तो दोषी होता पण एकटा नव्हता, अशा तिन्ही बाजूंनी आजही हिरीरीने बोललं जातं.

या प्रकरणाकडे पाहण्याची माझी रीत साधी आहे. पुराव्याचे दोन ढीग करायचे: हाउप्टमानचं नावही पोलिसांना माहीत नव्हतं तेव्हा जे कागदावर आलं होतं तो एक, आणि तो हाती लागल्यावर जे जमा झालं तो दुसरा. कुठला पुरावा कुठल्या ढिगात पडतो हे पाहिलं, की हा निकाल नेमका कुठे भक्कम आणि कुठे पोकळ आहे ते कळतं. मात्र एक लाकडी फळी अशी आहे, की ती अर्धी एका ढिगात आणि अर्धी दुसऱ्यात पडते. तिच्याकडे शेवटी येऊ.

मंगळवारची रात्र

चार्ल्स लिंडबर्ग म्हणजे त्या काळातला जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हटलं तरी चालेल. मे 1927 मध्ये त्याने न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, न थांबता, साडेतेहतीस तासांत विमानाने पार केलं होतं. पत्नी अ‍ॅन ही सिनेटर ड्वाइट मॉरो यांची मुलगी. जून 1930 मध्ये त्यांना मुलगा झाला, नाव वडिलांचंच: चार्ल्स. प्रसिद्धीला कंटाळून या जोडप्याने न्यू जर्सीतल्या होपवेल गावाजवळ रानात एक घर बांधलं. घर नवं होतं, आणि आठवड्याचे मधले दिवस ते एंगलवूडला मॉरोंच्या घरीच काढत. होपवेलला फक्त शनिवार-रविवार.

1 मार्च 1932 हा मंगळवार होता. बाळाला सर्दी झाली होती म्हणून ते त्या दिवशी होपवेललाच थांबले. हा बेत आयत्या वेळी ठरलेला. रात्री दहाच्या सुमारास बेटी गाऊ ही दाई बाळाला पाहायला वरच्या खोलीत गेली, तर पाळणा रिकामा. खिडकीवर पाकीट. खाली चिखलात पावलांचे ठसे, एक पटाशी, आणि थोड्या अंतरावर तीन भागांची, घरी बनवलेली, मोडलेली लाकडी शिडी. घरात कुत्रा होता; तो भुंकला नाही.

चिठ्ठीत 50,000 डॉलर मागितले होते. इंग्रजी मोडकंतोडकं, डॉलरचं चिन्ह आकड्याच्या मागे, स्पेलिंगं जर्मन वळणाची. खाली सहीऐवजी एकमेकांत अडकलेली दोन निळी वर्तुळं, मध्ये लाल ठिपका आणि तीन भोकं. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर हीच खूण होती.

तपासाची सुरुवात वाईट झाली. पावलांच्या ठशांचे साचे घेतले गेले नाहीत. पोलीस आणि पत्रकार अंगणभर फिरले. राज्य पोलिसांचे प्रमुख नॉर्मन श्वार्झकॉफ (1991 च्या आखाती युद्धातल्या सेनापतीचे वडील) कागदोपत्री तपासाधिकारी होते, पण सूत्रं हलवत होता खुद्द लिंडबर्ग. कुणाला भेटायचं, कुणाचा पाठलाग करायचा नाही, पैसे कसे द्यायचे, हे पीडित मुलाचा बाप ठरवत होता आणि पोलीस मान डोलवत होते. त्यानेच पहिली चिठ्ठी गुन्हेगारी जगाशी संबंध असलेल्या एका मध्यस्थाच्या हाती दिली. त्यामुळे ती गुप्त खूण किती जणांनी पाहिली, हे पुढे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

स्मशानातला जॉन

ब्राँक्समधले निवृत्त शिक्षक जॉन कॉन्डन, सत्तरी ओलांडलेले, बोलघेवडे आणि थोडे नाटकी. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून मध्यस्थीची तयारी दाखवली आणि पदरचे हजार डॉलर वर देऊ केले. गंमत म्हणजे अपहरणकर्त्याने होकार कळवला. कॉन्डन आपल्या आद्याक्षरांवरून 'जॅफ्सी' या टोपणनावाने जाहिराती देऊ लागले. 12 मार्चला वुडलॉन स्मशानभूमीत ते एका माणसाला भेटले. त्याने नाव सांगितलं जॉन, उच्चार जर्मन धाटणीचे. आपण टोळीतला एक आहोत, असं तो म्हणाला. ओळख पटावी म्हणून काही दिवसांनी बाळाचा झोपायचा पोशाख टपालाने आला. हाच तो पोशाख, ज्याच्या चोरीवर पुढे देहदंड उभा राहिला.

2 एप्रिलला सेंट रेमंड्स स्मशानभूमीत पैसे दिले गेले. मागणी एव्हाना 70,000 वर गेली होती. कॉन्डननी घासाघीस करून ती 50,000 वर आणली. लिंडबर्ग बाहेर मोटारीत बसला होता. अंधारातून कॉन्डनना घातलेली "हे, डॉक्टर!" अशी हाक त्याच्या कानावर आली. बाळ 'नेली' नावाच्या बोटीवर आहे, असं चिठ्ठीत लिहिलेलं होतं. बोट नव्हतीच.

12 मे रोजी एका ट्रकचालकाला घरापासून काही मैलांवर, रस्त्याकडेच्या झाडीत बाळाचा देह सापडला. कवटी फुटलेली, मृत्यू बहुधा त्याच रात्री झाला असावा. जूनमध्ये मॉरोंच्या घरातली नोकराणी व्हायोलेट शार्प हिने पोलिसांच्या पुढच्या चौकशीआधी विष घेतलं. तिचा गुन्ह्याशी संबंध असल्याचं कधीच दिसलं नाही. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेने राज्याची सीमा ओलांडणारं अपहरण हा केंद्रीय गुन्हा ठरवला. लोक त्याला लिंडबर्ग कायदाच म्हणू लागले.

पहिला ढीग: अटकेआधीचं

या प्रकरणात खऱ्या अर्थाने डोकं चालवलं ते दोन माणसांनी, आणि दोघांपैकी एकही पोलीस नव्हता.

एक होते करखात्याच्या गुप्तचर विभागाचे एल्मर आयरी. खंडणीच्या नोटांचे क्रमांक टिपून घ्यायचेच, आणि त्यात सोन्याच्या हमीच्या नोटा घालायच्या, हा त्यांचा आग्रह. या नोटांवरची छाप वेगळी असायची. लिंडबर्ग नाराज होता. आपण शब्द मोडतोय असं त्याला वाटे. पण क्रमांकांची यादी झाली. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने या नोटा 1 मे 1933 पर्यंत बँकेत भरण्याचा हुकूम काढला आणि त्या बाजारात दुर्मीळ झाल्या. आता अशी नोट कुणी काढली की ती डोळ्यांत भरणार.

दुसरे आर्थर कोएलर, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेतले लाकूडतज्ज्ञ. शिडीचे त्यांनी सुटे भाग केले आणि एकेका भागाला क्रमांक दिला. खालच्या भागांच्या उभ्या पाइन फळ्यांवर यंत्राच्या रंध्याच्या खुणा होत्या: अमुक इतकी पाती, त्यातलं एक सदोष, फळी अमुक वेगाने सरकलेली. त्यांनी दीड हजारांहून जास्त लाकूडगिरण्यांना पत्रं धाडली. माग लागला दक्षिण कॅरोलायनातल्या मॅककॉर्मिक इथल्या गिरणीचा, आणि तिथून मालाच्या पावत्यांमागे जात जात नोव्हेंबर 1933 मध्ये कोएलर येऊन थांबले ते ब्राँक्समधल्या एका लाकडाच्या वखारीत. वखारीचा धंदा रोखीचा, गिऱ्हाइकांची नावं नाहीत. माग तिथे संपला.

शिडीच्या वरच्या भागातली सोळा क्रमांकाची उभी फळी निराळी होती. हलकं लाकूड, आणि तिला जुन्या चौकोनी खिळ्यांची चार भोकं. ही भोकं शिडी बांधताना पडलेली नव्हती. म्हणजे फळी आधी कुठेतरी ठोकलेली होती, आणि भोकांभोवती गंज नसल्याने ती घराच्या आतली, पावसापाण्यापासून आडोशाची जागा असणार, असं कोएलरनी 1933 मध्येच लिहून ठेवलं. हाउप्टमान तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

मग सप्टेंबर 1934. मॅनहॅटनमधल्या एका पेट्रोल पंपावर एकाने दहा डॉलरची सोन्याची नोट दिली. नोट पुढे चालेल की नाही या धास्तीने पंपावरच्या माणसाने मोटारीचा क्रमांक नोटेच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवला. बँकेने नोट यादीशी ताडून पाहिली. क्रमांक निघाला ब्राँक्समधल्या रिचर्ड हाउप्टमानचा. 19 सप्टेंबरला त्याला पकडलं तेव्हा खिशात खंडणीतली आणखी एक नोट होती, आणि गॅरेजच्या झडतीत लाकडांच्या फटींत व डब्यांत दडवलेले चौदा हजारांहून जास्त डॉलर निघाले. सगळे यादीतले. धंद्याने सुतार. ज्या वखारीत कोएलर येऊन थांबले होते, तिथे त्याने पूर्वी काम केलं होतं आणि डिसेंबर 1931 मध्ये लाकूडही घेतलं होतं. जर्मनीत असताना शिडी लावून महापौरांच्या घरात शिरल्याची शिक्षा त्याच्या नावावर होती.

हा एवढा ढीग उचलून बाजूला ठेवा. यात कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. क्रमांकांची यादी 1932 ची, लाकडाचा माग 1933 चा, मोटारीचा क्रमांक अटकेआधीचा. हे सगळं जुळवून आणणारं कारस्थान रचायचं तर कारस्थान्यांना दोन वर्षं आधी ठाऊक हवं, की बळीचा बकरा ब्राँक्समधला एक सुतार असणार आहे.

दुसरा ढीग: अटकेनंतरचं

खटला 2 जानेवारी 1935 ला फ्लेमिंग्टनच्या छोट्या न्यायालयात सुरू झाला. गावाची जत्रा झाली. समोरच्या युनियन हॉटेलात पत्रकारांची दाटी, रस्त्यावर शिडीच्या चिमुकल्या प्रतिकृती विकायला. सरकारतर्फे राज्याचे महाधिवक्ता डेव्हिड विलेन्ट्झ, न्यायाधीश थॉमस ट्रेंचर्ड. बचावासाठी ब्रुकलिनचे एडवर्ड रायली. त्यांची फी एका मोठ्या वर्तमानपत्र समूहाने भरली, बदल्यात हाउप्टमानची बायको अ‍ॅना हिची कहाणी फक्त त्यांनाच मिळणार. आरोपीच्या वकिलाचा पगार वर्तमानपत्राने द्यायचा, ही एकच गोष्ट त्या खटल्याच्या हवेबद्दल पुरेसं सांगते.

साक्षीदार एकेक करून आले. सत्त्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा म्हणाला, घटनेच्या दिवशी शिडी ठेवलेली मोटार चालवताना मी याला पाहिलं. त्याची नजर अधू असल्याची नोंद पुढे उजेडात आली. हाउप्टमानला न्यूयॉर्कमधून न्यू जर्सीत आणण्यासाठी ज्याची साक्ष कामी आली, त्या शेजाऱ्याने 1932 मध्ये पोलिसांना संशयास्पद कुणी दिसलं नाही असं सांगितलं होतं. कॉन्डन तासभर समोरासमोर बसले होते त्या 'जॉन'सोबत. तरी अटकेनंतर पोलिसांनी ओळख परेड घेतली तेव्हा हाच तो असं ठामपणे म्हणायला त्यांनी नकार दिला. फ्लेमिंग्टनला मात्र त्यांनी नाव घेतलं ते ठणकावून.

आणि लिंडबर्ग. ब्राँक्सच्या ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) तो म्हणाला होता, की त्या आवाजावरून माणूस ओळखेन असं सांगणं मला कठीण आहे. नंतर त्याला वेषांतर करून हाउप्टमानचा आवाज ऐकवण्यात आला. फ्लेमिंग्टनच्या साक्षीत तो आवाज हाउप्टमानचाच असल्याचं त्याने शपथेवर सांगितलं. दोन शब्द, अंधारात, लांबून, पावणेतीन वर्षांपूर्वी ऐकलेले. पण सांगणारा लिंडबर्ग होता, आणि ज्युरीतल्या आठ पुरुष व चार बायकांपैकी कुणाची त्याला खोटं म्हणायची छाती होणार होती?

कॉन्डनचा पत्ता आणि टेलिफोन क्रमांक हाउप्टमानच्या घरातल्या कपाटाच्या आत लाकडावर पेन्सिलीने लिहिलेला सापडला. आपण वर्तमानपत्रांत वाचून लिहिला असावा, असं हाउप्टमान आधी बोलून गेला, मग फिरला. पुढे अशी वदंता झाली, की ते अक्षर एका वार्ताहराचं, बातमीच्या नादात त्याने स्वतःच गिरवलेलं. वदंताच, पण त्या घरात अटकेनंतर कोण कोण येऊन जात होतं हे पाहता ती झटकून टाकता येत नाही. शिडीवर, चिठ्ठ्यांवर, खोलीत हाउप्टमानच्या बोटांचा एकही ठसा मिळाला नाही.

हस्ताक्षर मधल्या पट्ट्यातलं. सरकारच्या आठ तज्ज्ञांनी चिठ्ठ्या त्याच्याच हातच्या म्हणून सांगितलं. पोलिसांनी नमुने घेताना स्पेलिंगंही सांगून लिहून घेतली, असा त्याचा आरोप होता. मात्र अटकेआधीच्या त्याच्या वहीत बोट हा शब्द शेवटी 'टी'ऐवजी 'डी' घालून लिहिलेला निघाला. खंडणीच्या चिठ्ठीत तो तसाच होता. हे काही पोलीस ठाण्यात बसून लिहून घेतलेलं नव्हतं.

फिशची गोष्ट

हाउप्टमानचा बचाव एका मेलेल्या माणसावर उभा होता. इसिडोर फिश, कातड्यांच्या धंद्यातला त्याचा जर्मन मित्र. डिसेंबर 1933 मध्ये तो जर्मनीला गेला आणि मार्च 1934 मध्ये लाइपझिगला क्षयाने वारला. जाताना त्याने बुटांचं खोकं सांभाळायला दिलं. ते आपण स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि विसरलो. ऑगस्ट 1934 मध्ये पाऊस गळून खोकं भिजलं तेव्हा उघडलं, तर आत पैसे. फिशकडे माझे साडेसात हजार येणं होतं, म्हणून गपचूप वापरू लागलो. ही कैफियत.

विलेन्ट्झनी अ‍ॅनाला उलटतपासणीत विचारलं: त्या कपाटात तुमचा अ‍ॅप्रन रोज टांगत होतात ना, मग खोकं दिसलं का? नाही दिसलं. नोव्हेंबर 1933 मध्ये, म्हणजे खोकं उघडण्याच्या बऱ्याच आधी, एका चित्रपटगृहाच्या खिडकीवर पाच डॉलरची खंडणीची नोट देणारा हाच, असं तिकीट विकणारीने सांगितलं (ही साक्षही अटकेनंतरचीच, तेवढं लक्षात ठेवा). पण एप्रिल 1932 नंतर या माणसाने नेमकं सुतारकाम जवळजवळ सोडलं आणि शेअर बाजारात पैसे खेळवू लागला, महागडा रेडिओ घेतला, हे हिशेबाच्या कागदांतून दिसत होतं. फिश मात्र अखेरीस कंगाल मेला.

आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यात, जुन्या कलम 114 च्या पहिल्याच उदाहरणात म्हटलं होतं, की चोरीनंतर थोड्याच काळात माल जवळ सापडला आणि खुलासा देता आला नाही, तर तो माणूस चोर किंवा चोरीचा माल घेणारा आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा. फिशची गोष्ट मलाही पटत नाही. पण ती खोटी ठरली म्हणून हाउप्टमान शिडी चढलाच हे आपोआप सिद्ध होत नाही. पुण्यातल्या एका मृत्यूवरून उभ्या राहिलेल्या शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं घालून दिली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. त्यातलं एक सूत्र असं, की आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. खंडणीतल्या सहभागाला हे सूत्र लावलं तर हाउप्टमान अडकतो: खोलीतली चिठ्ठी, बाळाचा पोशाख आणि गॅरेजमधले पैसे एकाच सुतात ओवलेले आहेत. खोलीत शिरणारा, बाळाला मारणारा आणि एकटा तोच, या विधानाला ते लावलं तर सूत तुटतं.

तो एकटाच होता, हे सरकारने धरून ठेवलं होतं. स्मशानातला माणूस टोळी म्हणत होता. 50,000 मधली निम्म्याहून जास्त रक्कम नोटांच्या रूपात कधीच सापडली नाही. मंगळवारी कुटुंब होपवेलला आहे हे बाहेरच्याला कळलं कसं, याला उत्तर मिळालं नाही. आणि बाळ कसं मेलं? सुरुवातीच्या भाषणात विलेन्ट्झ म्हणाले, शिडी मोडली आणि बाळ पडलं. शेवटच्या भाषणात त्यांनी सुचवलं, की खोलीतच पटाशीने घाव घातला असेल. आरोपीला उत्तर द्यायची संधी संपल्यावर गुन्ह्याची पद्धत बदलायची! बचावाने खटला रद्द करण्याची मागणी केली, फेटाळली गेली. रायलींनी तर त्याआधीच भर कोर्टात सापडलेला देह लिंडबर्ग बाळाचाच आहे हे मान्य करून टाकलं होतं, तेव्हा त्यांचेच सहकारी लॉइड फिशर संतापून उठून निघून गेले.

फळी

आता सोळावी फळी. 26 सप्टेंबर 1934 ला, अटकेनंतर आठवड्याने, राज्य पोलिसांचा अधिकारी बॉर्नमन आणखी काही जणांसह हाउप्टमानच्या माळ्यावर चढला आणि त्याला दिसलं, की तक्तपोशीतल्या एका पाटीचा तुकडा कापून नेलेला आहे. खालच्या तुळयांना खिळ्यांची भोकं तशीच. कोएलरनी सोळावी फळी तिथे ठेवली. चारही भोकं तुळयांवरच्या भोकांवर बसली. उरलेल्या पाटीची आणि फळीची वार्षिक वलयं मध्ये इंचभराहून थोड्या जास्त अंतराची फट सोडून जुळत होती. कोर्टात कोएलरनी हाउप्टमानचाच हातरंधा लाकडावर फिरवून दाखवला, त्याच्या पात्याच्या खाचांच्या रेघा शिडीवरच्या रेघांशी मिळाल्या.

बचावाचं म्हणणं: त्याआधी पोलिसांनी माळा अनेकदा धुंडाळला होता, तेव्हा हे का दिसलं नाही? घर एव्हाना पोलिसांच्याच ताब्यात होतं. घरात नोटा लपवण्याइतका हुशार माणूस, लाकडाच्या वखारीत उठबस असलेला, शिडीला एक फळी कमी पडली म्हणून भाड्याच्या घराच्या माळ्यावरची जमीन कापेल? ठसेतज्ज्ञ डॉ. हडसन यांनी तर साक्ष दिली, की 1932 मध्ये मी शिडी तपासली तेव्हा त्या फळीला एकच भोक पाहिल्याचं आठवतं.

इथेच मी माझं मत ठरवलं. हडसन आठवणीने बोलत होते. कोएलरची चार भोकांची टिपणं 1933 मधल्या कागदावर आहेत. फळी पोलिसांनी नंतर घडवली असं म्हणायचं तर भोकं आधीच नोंदलेली आहेत, त्यामुळे उलट माळ्यावर तुळयांना त्याच मापाने भोकं पाडून, वलयं जुळणारी पाटी शोधून तिथे ठोकावी लागेल. पोलीस खोटं बोलू शकतात, साक्षीदार पढवता येतात. पण झाडाने दर वर्षी धरलेली वलयं पढवता येत नाहीत. फळी माळ्यावरची आहे असं मी मानतो. 'हे माळ्यावर आधी का दिसलं नाही' या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही, आणि बॉर्नमन तिथे एकटाच चढला असता तर माझी खात्री एवढी राहिली नसती.

निकालानंतर

13 फेब्रुवारी 1935 च्या रात्री, सुमारे अकरा तासांच्या विचारानंतर ज्युरीने दोषी म्हटलं, दयेची शिफारस केली नाही. बाहेर जमाव त्याला मारा म्हणून ओरडत होता. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एकमताने निकाल कायम केला, कपड्यांच्या चोरीचा मुद्दाही उचलून धरला. डिसेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. त्याच महिन्यात लिंडबर्ग कुटुंब इंग्लंडला निघून गेलं.

गव्हर्नर हॅरॉल्ड हॉफमन मात्र अस्वस्थ होते. त्यांनी रात्री तुरुंगात जाऊन हाउप्टमानची भेट घेतली, जानेवारी 1936 मध्ये तीस दिवसांची स्थगिती दिली. कबूल कर, साथीदार सांग, जीव वाचेल, असं त्याला सांगितलं गेलं; त्याने कबूल करण्यासारखं काही नाही एवढंच सांगितलं. एका वर्तमानपत्राने तर त्याच्या विधवेसाठी पैसे देऊ केले होते. निर्दोषत्वाची बाजू मांडणाऱ्यांचा हा सर्वांत जोरकस मुद्दा, आणि तो हलका नाही. पण कबुली दिली तर मुलगा मॅन्फ्रेड बाळमारेकऱ्याचा मुलगा म्हणून वाढणार होता, हेही धरायला हवं.

हॉफमनांना मदत करणारे एलिस पार्कर हे नावाजलेले गुप्तहेर. त्यांनी पॉल वेन्डेल नावाच्या सनद गेलेल्या वकिलाला पकडून, डांबून, त्याच्याकडून लिंडबर्ग बाळ आपण पळवल्याचा कबुलीजबाब लिहून घेतला. वेन्डेलने सुटताच तो नाकारला. या भानगडीने देहदंड दोन-तीन दिवस लांबला, इतकंच. आणि पार्करना शिक्षा झाली ती कुठल्या कायद्याखाली? लिंडबर्ग कायद्याखाली. ते केंद्रीय तुरुंगातच 1940 मध्ये वारले. हॉफमन यांच्या मृत्यूनंतर, 1954 मध्ये, त्यांनी सरकारी पैशाची मोठी अफरातफर केल्याचं उघड झालं. या प्रकरणातला सच्चा शंकेखोर शोधायला गेलं की असा हात पोळतो.

अ‍ॅनाने पुन्हा लग्न केलं नाही. 1981 मध्ये राज्य पोलिसांची कागदपत्रं खुली झाल्यावर तिने न्यू जर्सीवर दहा कोटी डॉलरचा दावा लावला. तो फेटाळला गेला. 1994 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ती गेली. नवरा त्या रात्री आपल्याबरोबर होता, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

शिडी वेस्ट ट्रेंटनच्या पोलीस संग्रहालयात आहे. चिठ्ठ्यांच्या पाकिटांवरच्या तिकिटांची डीएनए चाचणी करा, ही मागणी अलीकडे न्यायालयापर्यंत गेली. ती झाली तर मला हाउप्टमानचं नाव निघतं का यापेक्षा दुसरं कुणाचं निघतं का, याचं कुतूहल असेल. कारण 1 मे 1933 ला, सोन्याच्या नोटा भरायच्या शेवटच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत कुणीतरी खंडणीतल्या 2,980 डॉलरच्या नोटा बदलून नेल्या. पावतीवर नाव लिहिलं जे. जे. फॉकनर, आणि एक पत्ता. त्या पत्त्यावर त्या नावाचा माणूस राहत नव्हता. पावती हाउप्टमाननेच भरली, हेही कुणाला सिद्ध करता आलं नाही.